गोळीची नियत

माझा आजार सगळ्यांत आधी डॉक्टरला नाही, बांगडीला कळला.

अब्बा मनियार होते. सायकलच्या मागे लाकडी पेटी बांधून आसगावच्या आसपासची गावं फिरायचे आणि बायांना बांगड्या भरायचे. मनियाराच्या मुलीचे हात रिकामे कसे राहतील? दोन्ही हातांत सहा-सहा काचेच्या बांगड्या, माप सव्वादोन. एकोणऐंशी सालच्या उन्हाळ्यात विहिरीवर पाणी ओढता ओढता माझ्या हातातली एक बांगडी निसटली आणि सरळ विहिरीत गेली. काचेची बांगडी अशी आपोआप उतरत नाही. ती भरायला हात दाबावा लागतो आणि उतरवायलाही. मी संध्याकाळी अब्बांना हसत हसत सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि न दाबता उरलेल्या अकराही बांगड्या काढून दाखवल्या.

"कधीपासून खोकून राहिलीस?" त्यांनी विचारलं.

मी एकोणीस वर्षांची होते. खोकला होळीपासूनचा होता. संध्याकाळी अंग कणकण करायचं. मैत्रिणी म्हणायच्या, शमीम किती बारीक झाली, आणि खोटं का बोलू, आरशात बघून मलाही बरं वाटायचं.

इतक्या वर्षांनी हे लिहायला बसले त्याला कारण आमच्या गल्लीतली एक मुलगी. तिलाही त्याच आजाराच्या गोळ्या चालू आहेत. मागच्या महिन्यात येऊन म्हणाली, "खाला, रमजानमध्ये गोळ्या बंद ठेवल्या तर चालेल का? माझी रोज्याची नियत पक्की आहे." मी "नाही" म्हणून तिला पाठवून देऊ शकले असते. पण नुसत्या "नाही"ने माझंही भागलं नव्हतं. म्हणून तिच्यासाठी, आणि ज्यांच्या घरात अशी गोळी चालू आहे त्यांच्यासाठी, जे घडलं ते लिहिते.

बसस्टँडवरचा चहा

पवनीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि भंडाऱ्याची चिठ्ठी लिहून दिली. भंडाऱ्याला डबीत थुंकी घेतली, छातीचा फोटो काढला. निकालाच्या दिवशी डॉक्टर माझ्याशी बोललेच नाहीत. अब्बांना बाजूला घेऊन बोलले. मी बाकावर बसून अब्बांच्या पाठीकडे बघत होते. बोलता बोलता ती पाठ थोडी वाकली, तेव्हाच मला कळलं.

तेव्हा टीबीचं नाव कुणी मोठ्याने घेत नसे. "छातीचं आहे" म्हणायचे आणि पाट सरकवून बसायचे. मुलीला झाला तर तिचं लग्न विसरायचं. औषधं होती, पण दीड वर्ष घ्यायची होती, आणि सुरुवातीचे दोन-तीन महिने दवाखान्यातच राहायचं होतं.

बसस्टँडवरच्या हॉटेलात अब्बांनी दोन कप चहा सांगितला. डॉक्टरांनी भांडी वेगळी ठेवायला सांगितलेलं माझ्या कानावर पडलं होतं. मी अर्धा चहा प्यायले आणि कप त्यांच्यापासून लांब सरकवला. अब्बांनी हात लांब करून तोच कप उचलला आणि उरलेला चहा एका घोटात संपवला.

"तुया कपातला गोड आहे," म्हणाले. "माह्यात साखर टाकाले विसरला वाटते."

त्या दिवसभरात मी रडले नव्हते. तेव्हा रडले.

वॉर्ड

भंडाऱ्याच्या दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड म्हणजे एक लांब खोली, लोखंडी खाटा, फिनेलचा वास आणि खिडकीबाहेर कडुलिंबाचं झाड. सकाळी ताप बघायचा, मग सुई, एक दिवस डाव्या बाजूला आणि एक दिवस उजव्या. उकडलेलं अंडं, दूध. सकाळी गोळ्या, दुपारच्या जेवणावर पुन्हा गोळ्या. सिस्टर केरळची होती. तिची मराठी मोडकी होती, पण "गोळी खाल्ली?" हे दोन शब्द ती आमच्यापेक्षा स्वच्छ बोलायची. खाटेखाली प्रत्येकीचं झाकणाचं थुंकीचं भांडं असायचं. पहिल्या आठवड्यात त्या भांड्याची लाज वाटते, दुसऱ्या आठवड्यात ते शेजारणीपेक्षा जवळचं होतं.

माझी शेजारीण यमुनाबाई. नाकाडोंगरीच्या, पन्नाशीच्या, नवरा खाणीवर कामाला. पहिल्या दिवशी मी भिंतीकडे तोंड करून पडले होते तर म्हणाल्या, "काहून रडतेस वं? इथं समद्याच खोकतेत. तू एकटीच खोकली असती त गोष्ट अलग होती."

अम्मी लहान भावंडांमुळे घरीच राहायची. अब्बा आठवड्यातून दोनदा एसटीने यायचे. मी मनियाराची मुलगी, हे कळल्यावर यमुनाबाईंनी दोन्ही हात पुढे केले. अब्बांनी स्टुलावर बसून त्यांना हिरव्या बांगड्या भरल्या. मग दुसरी आली, तिसरी आली. वाळलेले हात, दोनचं मापही सैल व्हायचं. अब्बा प्रत्येकीला एकच वाक्य म्हणायचे, जे मी जन्मापासून ऐकत आले होते: "हात ढिल्ला सोडा बाई, बाकी मी पाहतो." हात ताठ धरला तर काच फुटते आणि हातात शिरते.

घरात आम्ही हिंदी बोलायचो, म्हणजे आमच्या झाडीपट्टीतली, निम्मी मराठी मिसळलेली. पण वॉर्डात अब्बा माझ्याशीही मराठीतच बोलायचे. बाजूच्या बायांना वाटू नये की मनियार लपवून काही बोलतो. तसा त्यांचा स्वभावच होता.

पहिला रोजा

त्या वर्षी श्रावण आणि रमजान जवळपास बरोबरच लागले. अब्बा पवनीच्या मौलवीसाहेबांना विचारून आले. आजाऱ्याला सूट आहे, बरं झाल्यावर तेवढे रोजे भरून काढायचे. सुईचंही त्यांनी विचारलं होतं. सुईने रोजा तुटत नाही, तोंडातून पोटात गेलं की तुटतो. अब्बांनी हे सहज सांगितलं. मी मान हलवली, आणि त्यातलं मला हवं तेवढंच उचललं.

का, ते सांगते. मी नऊ वर्षांची असताना पहिला रोजा धरला होता. धान कापणीचे, लहान दिवस होते. पहाटे अम्मीने उठवून भाकरी-दूध दिलं आणि म्हणाली, आता नियत कर. मी विचारलं, काय म्हणायचं? ती म्हणाली, तोंडाने नाही म्हटलं तरी चालतं, मनात ठरव की आजचा रोजा अल्लासाठी. मनात ठरलं नाही तर दिवसभराची उपासमार ती नुसती उपासमारच. दुपारी मैत्रिणी बोडीवर, गावाबाहेरच्या लहान तळ्यावर गेल्या. सगळ्या ओंजळीने पाणी प्यायल्या आणि मी काठावर ओठ चाटत बसले. संध्याकाळी अब्बांनी गळ्यात झेंडूचा हार घातला, हातात लाल बांगड्या भरल्या. शेजारच्या कुणब्यांकडच्या सीताकाकू नव्या तांदळाची खीर घेऊन आल्या आणि गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "आमची शमी मोठी झाली वं." त्या खिरीची चव अजून जिभेवर आहे. इतकं गोड मला पुढे कुणी कधी दिलं नाही.

तेव्हापासून दहा वर्षं माझा एकही रोजा चुकला नव्हता. बायकांना जे दिवस माफ असतात तेही नंतर भरून काढायचे. नातेवाइकांत नाव होतं, शमीम रोज्याची पक्की. हे नाव मला आवडायचं. आता भीतीही आली होती. मी मनातल्या मनात अल्लाशी बोलले: मी तुझा एकही रोजा सोडत नाही, तू मला सोडू नकोस.

तर माझी युक्ती अशी. सुई घ्यायची. गोळ्या हातात घ्यायच्या, सिस्टरची पाठ वळली की ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवायच्या. दुपारचं जेवण समोरच्या खाटेवरच्या खादाड मुलीला, दूध झाकून संध्याकाळपर्यंत. मला वाटायचं, खरं औषध सुईच, दुखतं म्हणजे तीच मोठी. गोळ्या काय, एवढ्याशा; संध्याकाळी रोजा सोडल्यावरही त्या गाठीतच राहायच्या.

यमुनाबाईंनी दुसऱ्या सोमवारी पकडलं.

"काय वं शमी, गोळ्या ओढणीले काहून बांधल्या?"

"रोजा आहे माझा."

"माहाबी सोमवार हाये. मी त खाल्ली गोळी. माहा महादेव काही म्हणत नाही."

"तुमचा महादेव भोळा आहे. आमच्यात पाण्याचा थेंबसुद्धा चालत नाही."

"मंग सुई कशी चालते?"

"सुई पोटात जात नाही."

यमुनाबाईंनी थोडा विचार केला. "आन आजार कुठं हाये? पोटात का छातीत?"

मी रागावले. कुणाला सांगाल तर तुमच्याशी बोलणार नाही, अशी शपथच घातली. त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याबद्दल त्यांनी पुढे स्वतःला कधी माफ केलं नाही, आणि दोष सगळा माझा होता.

चौदावा दिवस

चौदाव्या रोज्याला दुपारी उबळ आली ती थांबेचना. भांडं पुढे घेतलं तर त्यात लाल. एकदा, पुन्हा एकदा. यमुनाबाई ओरडल्या. सिस्टर धावत आली, तिने मला कुशीवर वळवलं आणि तोंड पुसायला माझीच ओढणी ओढली. गाठ सुटली. घामाने ओलसर झालेल्या, एकमेकींना चिकटलेल्या, काही चुरा झालेल्या गोळ्या खाटेवर सांडल्या. सिस्टरने त्या गोळा करून आपल्या खिशात टाकल्या आणि डॉक्टरांना बोलवायला गेली.

या वेळी डॉक्टर माझ्याशीच बोलले. ही औषधं एकमेकींच्या सोबतीने चालतात. एकटी सुई दिली तर आजार तिला ओळखायला लागतो आणि मग ती सुईही फुकट. "आता पुन्हा गोळी चुकली तर माझ्याजवळ तुझ्यासाठी दुसरं काही नाही," ते म्हणाले. ते रागात नव्हते, थकल्यासारखे वाटले, आणि म्हणूनच मला खरं वाटलं.

पवनीकडे जाणाऱ्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी अब्बा आले. चेहरा उन्हाने काळवंडलेला, ओठ कोरडे. स्टूल ओढून बसले.

"रोजा कोनासाठी होता बेटा?"

"अल्लासाठी."

"खरं सांग."

मी म्हणाले, "मला मरायची भीती वाटत होती अब्बा. आणि लोक म्हणतील, शमीमचा रोजा सुटला."

"भेवानं सौदा होते, इबादत नाही होत," अब्बा म्हणाले. "त्यानं तुले सूट देल्ली. कोनी आपल्या घरी मिठाई घेऊन आला आन आपन दारातूनच वापस केली, त त्याले कसं वाटन? तू त्याची सूट वापस केली."

"मग आता?"

"आता गोळी घेतानी नियत कर. मनात म्हन, हे मी तुयासाठी घेऊन राहिली, तूच सांगतलं म्हनून."

"गोळीची नियत असते?"

"ज्याची नियत केली त्याची असते."

सिस्टरने दुपारच्या गोळ्या आणि दुधाचा पेला आणून ठेवला होता. मी एक तोंडात टाकली. गावातून जोहरची, म्हणजे दुपारच्या नमाजाची अजान ऐकू आली. रमजानच्या भर दुपारी, रोजा असलेल्या बापासमोर, घोट घ्यायचा! गोळी ओकारीबरोबर बाहेर आली. दुसऱ्यांदाही आली. सिस्टर उभी होती, यमुनाबाई हात जोडून बसल्या होत्या, आणि डॉक्टरांचे शब्द माझ्या डोक्यात घुमत होते. तिसऱ्यांदा मी तोंडच उघडेना.

तेव्हा अब्बांनी दुधाचा पेला उचलला. माझ्याकडे बघत अर्धा पेला प्यायले. ओठ पुसले.

"गोड आहे," म्हणाले. "आता तू."

"अब्बा! तुमचा रोजा?"

"मी प्रवासात आहो ना. प्रवासाले सूट असते." मग माझं मनगट हातात घेतलं आणि अंगठ्याखाली दाबलं, बांगडी भरताना दाबायचे तसं. "ढिल्ला सोड बेटा. बाकी मी पाहतो."

मी गोळी ठेवली, उरलेलं दूध प्यायले, आणि गोळी आत गेली.

हिवाळा

त्यानंतर माझी एकही गोळी चुकली नाही. दीड वर्षं, रोज, हातात घेऊन एक क्षण थांबायचं, मनात ठरवायचं, मग गिळायची. कधी झोपेत, कधी चिडून, कधी रडत, पण ठरवून. यमुनाबाईंना त्याची गंमत वाटायची. पोळ्याच्या दिवशी त्यांनीही गोळी हातात घेऊन डोळे मिटले आणि म्हणाल्या, "महादेवा, हे शमीच्या अल्लाची गोळी हाये, तू बी पाहून घे." सिस्टरसुद्धा हसली. दोन दिवसांनी ईद झाली, तेव्हा वॉर्डातल्या शेवया सगळ्यांत जास्त यमुनाबाईंनीच खाल्ल्या. पुढे त्या बऱ्या होऊन नाकाडोंगरीला गेल्या. बरीच वर्षं त्यांच्या मुलाच्या हातून निरोप यायचा: मनियारभाऊले सांगजो, बांगड्या फुटल्या.

दिवाळीच्या आधी मला घरी सोडलं. मागच्या पडवीत माझी वेगळी खाट, वेगळं ताट, वेगळा कप. ओळखीच्या बाया दारातूनच विचारपूस करून जायच्या. मला सगळ्यांचं चालत होतं, कारण अब्बा दुपारी जेवायला घरी यायचे, माझ्या खाटेशी बसायचे आणि माझ्या कपातला अर्धा चहा प्यायचे.

थंडी पडली आणि ते थांबलं. अब्बा उजाडताच सायकल घेऊन निघायचे आणि दिवस बुडताना परतायचे. शुक्रवारी घरी असले तरी दुपारी माझ्याकडे फिरकायचे नाहीत. एकदा मी कप पुढे केला तर म्हणाले, "पोट बरं नाही." आठवडा गेला, महिना गेला. त्यांचंही वजन उतरल्यासारखं वाटत होतं. मी मनाशी ठरवून टाकलं की आता अब्बासुद्धा भ्यायले. माझ्या आजारपणातलं सगळ्यांत वाईट दुखणं कुठलं, असं कुणी विचारलं तर मी रक्ताचा दिवस सांगणार नाही, हा हिवाळा सांगेन.

संक्रांत झाल्यावर अब्बा पुन्हा दुपारचे यायला लागले. चहा प्यायला लागले. मी प्यायला दिला, पण मनातली अढी तशीच राहिली.

औषधं संपली त्या दिवशी अब्बांनी पेटी उघडली आणि सव्वादोनच्या लाल बांगड्या काढल्या. हात जाईना. त्यांनी दाबलं, मी ओरडले, आणि ते ज्या आवाजात हसले तसं हसणं मी त्यांचं पुन्हा ऐकलं नाही. पुढच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर मी रोजे भरून काढले. मौलवीसाहेब म्हणाले, वॉर्डातले तेरा झालेले धरायला हरकत नाही. मी नाही धरले. पूर्ण तीस केले, आणि औषधांतच गेलेल्या पुढच्या रमजानचेही. माझं लग्नही झालं, अब्बांनी पाहुण्यांना आजाराचं सगळं आधी सांगून ठरवलेलं.

अम्मीने सांगितलं ते

शहाऐंशी साली अब्बा गेले. झोपेतच गेले, कुणाला त्रास न देता. अम्मी इद्दतीत होती, नवरा गेल्यावर बाई चार महिने दहा दिवस घरातच राहते ती मुदत; मी तिच्याजवळ राहायला आले होते. एका दुपारी चहा पिताना ती अब्बांच्या आठवणी काढत होती आणि माझ्या तोंडून जुनी अढी बाहेर पडली. म्हटलं, त्या हिवाळ्यात अब्बा माझ्या कपाला भ्यायले होते ना?

अम्मीने आपला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "साठ रोजे, बेटा. एक भी नागा नहीं."

आसगाव ते भंडारा हा प्रवास सूट मिळण्याइतका लांब नाही. मला एकोणिसाव्या वर्षी ते ठाऊक नव्हतं. अब्बांना होतं. त्या सकाळी ते रोज्याची नियत करून घरून निघाले होते आणि वॉर्डात त्यांनी तो जाणूनबुजून तोडला. रमजानचा रोजा असा तोडला तर त्याचा कफ्फारा असतो, सलग साठ रोजे. मध्ये एक चुकला की पुन्हा पहिल्यापासून. थंडीत, रिकाम्या पोटी, पेटी बांधलेली सायकल दामटत ते गावोगाव फिरले. अम्मीने म्हटलं होतं, तुमची नियत तर साफ होती, पोरगी गोळी गिळत नव्हती, अल्लाला काय दिसत नाही? तर म्हणाले, नियत साफ होती, पण रोजा तर तुटला ना. आणि तिला सांगू नको. तिला कळलं तर गोळी पुन्हा घशात अडकेल.

मी गोळीची नियत दीड वर्षं मनात धरली आणि येईल त्याला सांगितली. त्यांनी साठ दिवसांची नियत धरली आणि मुलीचा गैरसमज सहन केला. आज गल्लीतल्या त्या मुलीला मी एवढंच सांगेन: गोळी घे, तुझी सूट आहे ती, परत करू नकोस. आणि घरातलं कुणी काही दिवस तुझ्यापासून लांब राहिलं तर लगेच मनात अढी धरू नकोस.

कारण त्या हिवाळ्यातली एक संध्याकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. दिवस नुकताच बुडाला होता. अब्बांनी सायकल भिंतीला टेकवली, हातपाय धुतले आणि कितीतरी दिवसांनी माझ्या खाटेजवळ येऊन उभे राहिले. ओठ कोरडे पडलेले.

"बेटा, तुयाजवळचा चहा आहे का थोडासा?"

मी तोंड भिंतीकडे वळवलं आणि म्हटलं, "संपला."

कप माझ्या हातात होता, अर्धा भरलेला.